गाडी थांबते तेव्हा आपलं काय होतं? बल, वस्तुमान आणि त्वरणाचं साधं गणित

४ सप्टेंबर २०२२, रविवारची दुपार. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यातल्या चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर एक गाडी आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी त्यात गेले. दोघंही मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढे बसलेले दोघं जबर जखमी झाले, पण वाचले.

त्यानंतर कितीतरी दिवस एकच प्रश्न कानावर पडत होता. एवढी महागडी, भक्कम गाडी; मग मागे बसलेली माणसं कशी काय गेली? पुढे बसणाऱ्याला धोका आणि मागे बसणारा निर्धास्त, असंच तर आपण धरून चालतो. तेव्हापासून अपघाताची अशी बातमी आली की हाच प्रश्न पुन्हा येतो. मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गात ‘गतीचे नियम’ शिकवताना दरवर्षी वाटतं की हा धडा मुलं मार्कांपुरता शिकतात आणि मोठी माणसं विसरून जातात. खरं तर गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल असं त्यात सगळं आहे. त्यासाठी तीनच शब्द नीट कळायला हवेत: बल, वस्तुमान आणि त्वरण.

बल नेमकं कशाला लागतं?

‘वस्तू हलती ठेवायला बल लागतं’ असं कुणीही सांगेल. हातगाडी ढकलणं थांबवलं की ती थांबते, हे रोज डोळ्यांसमोर दिसतं. अॅरिस्टॉटलही हेच म्हणत होता आणि जवळजवळ दोन हजार वर्षं जग तसंच मानत आलं. पण ते चूक आहे.

कॅरम आठवा. पावडर न टाकता स्ट्रायकर मारला तर तो अर्ध्या बोर्डावर दम टाकतो. पावडर भुरभुरून, बोटाच्या तेवढ्याच जोरात मारला तर समोरच्या कडेला आपटून परत येतो. टिचकी तीच, बोर्ड तोच. बदललं ते फक्त घर्षण. म्हणजे स्ट्रायकर आपणहून थांबत नव्हता, बोर्डाचं घर्षण त्याला थांबवत होतं. आता मनातल्या मनात घर्षण कमी करत करत शून्यावर आणा. स्ट्रायकर थांबणारच नाही. गॅलिलिओने गुळगुळीत उतारांवरून गोळे सोडून हाच विचार केला आणि न्यूटनने १६८७ साली तो पहिला नियम म्हणून मांडला. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर-१ हे यान आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर या वेगाने सूर्यापासून दूर चाललं आहे. त्याला मागून ढकलणारं इंजिन चालू नाही. अडवायला तिथे जवळपास काही नाही, एवढंच.

तेव्हा बल लागतं ते गती *बदलायला*. थांबलेलं हलवायला, हलणारं थांबवायला, वळवायला. आणि जोवर बल लागत नाही तोवर वस्तू आहे तशीच राहते. वस्तूच्या या स्वभावाला जडत्व म्हणतात.

गावाकडे कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की काय करतात, ते पाहिलंय? कुऱ्हाड उभी धरतात, पातं वर, आणि दांड्याचं खालचं टोक दगडावर आपटतात. दोन-चार ठोक्यांत पातं दांड्यात घट्ट रुतून बसतं. पात्याला कुणी हातही लावलेला नसतो. दांडा दगडावर आपटून जागच्या जागी थांबतो, जड पातं मात्र खाली येतच राहतं आणि दांड्यात शिरतं. ही कुऱ्हाड लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

एसटीत उभं असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की आपण म्हणतो, ‘पुढे फेकले गेलो.’ प्रत्यक्षात आपल्याला कुणी फेकलेलं नसतं. बसचा वेग कमी झाला, आपला झाला नाही. पाय बसच्या जमिनीला टेकलेले म्हणून ते बसबरोबर मंदावले. वरचं अंग आधीच्याच वेगाने पुढे निघालं. मागच्या सीटवरच्या माणसाची सगळी गोष्ट या वाक्यात आहे: बस थांबली, आपण थांबलो नाही.

त्वरण म्हणजे फक्त वेग वाढणं नव्हे

वेग किती झपाट्याने बदलतो, त्या मापाला त्वरण म्हणतात. सिग्नल सुटल्यावर रिक्षाने १० सेकंदांत ताशी ३६ किलोमीटरचा वेग गाठला असं समजू. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर. दर सेकंदाला वेग सेकंदाला १ मीटरने वाढला, म्हणून त्वरण १. तीच रिक्षा त्या वेगावरून २ सेकंदांत थांबली तर त्वरण ५, फक्त उलट्या दिशेने. थांबणं हेही त्वरणच. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण रोजच्या बोलण्यात ‘त्वरा’ म्हणजे घाई. भौतिकशास्त्रात कमी होणं, वाढणं, वळणं हे सगळं त्वरण. घाटातल्या वळणावर वेगाचा काटा जागचा हलत नाही, तरी आपण दाराकडे ढकलले जातो, ते दिशा बदलल्यामुळे.

तुलनेला एक मापदंड हाताशी ठेवू. उंचावरून सोडलेल्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका वाढतो. हे पृथ्वीच्या गुरुत्वाचं त्वरण. पुढे मी ‘गुरुत्वाच्या इतके पट’ म्हणेन तेव्हा हाच आकडा धरायचा. शरीराला १८ पट त्वरण सोसावं लागलं, तर तेवढा वेळ अंगावर आपल्याच वजनाच्या १८ पट भार येतो.

वस्तुमान आणि वजन यांत फरक काय?

बाजारात आपण वजन किलोत मोजतो, म्हणून हे दोन शब्द एकच वाटतात. फरक समजायला घरातल्या आढ्याला टांगलेलं धान्याचं पोतं पुरतं. दोराने पोत्याचा सगळा भार पेललेला आहे, आपल्या हातावर काहीच नाही. तरी ते आडवं ढकलायला गेलं की अंगाचा जोर लावावा लागतो. शेजारी रिकामं पोतं टांगलं तर ते बोटाने हलेल. झोके घेणारं भरलेलं पोतं अडवायला गेलात तर तेच तुम्हाला दोन पावलं मागे नेईल. हा जो ‘हलायला नको, थांबायला नको’ असा हट्ट आहे, त्याचं माप म्हणजे वस्तुमान. वजन म्हणजे त्या वस्तूला पृथ्वी खाली किती ओढते ते.

चंद्रावर तेच पोतं उचलायला सहापट हलकं लागेल, पण आडवं ढकलताना इथल्याइतकाच जोर घेईल. २०२५ साली शुभांशू शुक्ला ज्या अंतराळ स्थानकावर राहून आले, तिथे तर वजनकाट्याचा उपयोगच नाही, कारण काट्यावर कुणी टेकतच नाही. तिथे अंतराळवीरांचं वस्तुमान मोजायला एक यंत्र आहे. ते माणसाला ठरावीक बलाने ओढतं आणि त्याचं त्वरण किती झालं ते पाहतं. कमी त्वरण, म्हणजे जास्त वस्तुमान. बस, एवढंच.

तिघांचं नातं

आता नातं उघड आहे. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. दूधवाल्याची मोटारसायकल सकाळी भरलेल्या कॅनांसह जड निघते आणि परतीला रिकामी तुरुतुरु पळते. इंजिन तेच, जोर तोच, वस्तुमान कमी झालं म्हणून त्वरण वाढलं. बल न्यूटनमध्ये मोजतात. शंभर ग्रॅमचं मोठं लिंबू तळहातावर ठेवलं की जाणवतो तो भार जवळपास एक न्यूटन.

सूत्र पाठ होतं, पण त्याची दुसरी बाजू वर्गात फारशी बोलली जात नाही. अपघातात माणसाचं वस्तुमान ठरलेलं. आदळतानाचा वेग ठरून गेलेला, आणि तो शून्यावर येणार हेही नक्की. मग बदलता काय येतं? तो वेग किती वेळात आणि किती अंतरात शून्यावर येतो, एवढंच. थांबायला जितकं अंतर जास्त, तितकं त्वरण कमी, तितकं अंगावर येणारं बल कमी.

हे पटावं म्हणून मी वर्गात एक प्रयोग करते. दोन उंच मुलं जुनी चादर वरच्या कोपऱ्यांना धरून उभी राहतात. आणखी दोघं खालची कड उचलून पन्हळीसारखी खोळ करतात. चादर ताणायची नाही, सैल सोडायची. मग वर्गातल्या सगळ्यात जोरकस गोलंदाजाला कच्चं अंडं देते आणि सांगते, जीव खाऊन मार. पुढच्या बाकावरच्या मुली वह्या आवरून घेतात. अंडं सणसणत जातं, चादर पाठीमागे फुगते, ‘थप्प’ असा आवाज होतो आणि अंडं घरंगळत खोळीत येऊन पडतं. अख्खं. हातोहात फिरवून प्रत्येक जण ते तपासतो. मग दुसरं अंडं मी स्वतः भिंतीवर मारते, त्याच्या निम्म्या जोरानेही नाही, आणि बलक ओघळत खाली येतो. चादरीत अंड्याला थांबायला फूटभर जागा मिळाली. भिंतीने त्याला कवचाच्या जाडीएवढीही दिली नाही.

बांधकामावर विटा वर फेकणारे आणि झेलणारे मजूर पाहा. वीट हातात आली की झेलणारा हात तिच्याबरोबर मागे नेतो. त्याने गतीचे नियम वाचलेले नसतील, पण हात ताठ धरला तर मनगट जाईल हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आता गाडीत बसू

हिशेब सोपा करणारी एक युक्ती आहे. कुठलाही वेग ‘किती उंचीवरून पडल्यावर एवढा वेग येतो’ या भाषेत मांडायचा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सुमारे ६.३ मीटर, दुसऱ्या मजल्यावरून पडणं. ताशी ६० म्हणजे १४ मीटरच्या थोडं वर, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून. ताशी १०० म्हणजे ३९ मीटर, तेराव्या मजल्यावरून. ही उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर, म्हणजेच गुरुत्वाच्या किती पट त्वरण.

गाडी ताशी ६० च्या वेगाने पक्क्या कठड्यावर आदळली असं धरा. तिचं पुढचं अंग चेपतं. पट्टा लावलेला माणूस सीटला बांधलेला असल्यामुळे गाडीबरोबर मंदावू लागतो. चेपण्याचं अंतर आणि पट्ट्याचा ताण मिळून त्याला समजा ८० सेंटीमीटर मिळाले. १४.२ भागिले ०.८, म्हणजे सुमारे १८ पट. सत्तर किलोच्या माणसावर साडेबाराशे किलोच्या आसपासचा भार, एका सेकंदाच्या दहाव्या भागापुरता. भयंकर आहे, पण तो छातीचं हाड, खांदा आणि कमरेचं हाड यांच्यावर वाटला जातो. माणूस वाचू शकतो.

पट्टा नसलेल्या माणसाचं काय? गाडी चेपत असते तेव्हा तो अजून ताशी ६० नेच पुढे चाललेला असतो, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा. दांडा थांबला, पातं निघालं. तो पुढच्या सीटवर किंवा छपराच्या कडेवर पोचेपर्यंत गाडी थांबलेली असते आणि चेपायचं ते चेपून झालेलं असतं. गाडी बनवणाऱ्यांनी त्याच्यासाठी राखलेली जागा वाया गेली. आता त्याला मिळतात फार तर १० सेंटीमीटर. १४२ पट त्वरण, दहा टनांच्या घरातलं बल, आणि तेही डोकं किंवा मान पुढे असताना. ही सरासरी आहे, खऱ्या अपघातात आकडे कमी-जास्त होतात. पण पट्टा आणि बिनपट्टा यांतली तफावत काही टक्क्यांची नाही, कित्येक पटींची आहे. गाडी भक्कम होती की नव्हती, हा प्रश्नच तिथे उरत नाही.

शिवाय मागचा माणूस एकटा जात नाही. त्याचं सुटलेलं शरीर पुढच्या सीटवर आदळतं आणि पट्टा लावून बसलेल्या पुढच्या माणसाला दोन्हीकडून चिरडू शकतं.

‘गावातल्या गावात तर जायचंय, तेही हळू’

दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून कुणी उडी मार म्हटलं तर मारणार नाही. ताशी ४० चा तोच अर्थ आहे. आणि टक्करच व्हायला हवी असंही नाही. काही वर्षांपूर्वी लग्नाला जाताना आमच्या गाडीपुढे म्हैस आली. ड्रायव्हरने ब्रेक मारला, म्हैस वाचली, गाडीला ओरखडाही नाही. मागे डुलकी लागलेली माझी मावशी पुढच्या सीटच्या दांडीवर तोंडावर आपटली. नाकाचं हाड मोडलं. वेग असेल ताशी तीसच्या आसपास.

‘पुढची सीट घट्ट धरून बसेन’

ताशी ६० वरून गाडी थांबायला साधारण एक दशांश सेकंद लागतो. समोर काय घडतंय हे डोळ्यांनी टिपून हातापर्यंत हुकूम पोचायलाच त्याच्या दुप्पट वेळ जातो. आणि वेळ मिळाला तरी हजार-बाराशे किलोचा भार कुणाचे हात पेलतील?

मांडीवरच्या बाळाबद्दल हे फार कळकळीने सांगावंसं वाटतं. दहा किलोचं मूल, वेग फक्त ताशी ४०, थांबायला अर्धा मीटर मिळाला असं धरलं तरी ६.३ भागिले ०.५, म्हणजे साडेबारा पट. बाळ त्या क्षणी सव्वाशे किलोचं झालेलं असतं, धान्याची अडीच पोती. आईच्या हातांची माया कितीही खरी असली तरी ती मिठी सुटते. आणि आईनेही पट्टा लावला नसेल तर बाळ तिच्या आणि समोरच्या सीटच्या मध्ये सापडतं. लहान मुलासाठी वेगळी सीट मिळते, ती मागच्या बाजूला पक्की बांधून त्यात बसवणं हाच उपाय. दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलासाठी चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा आणि हेल्मेट, आणि वेग ४० च्या आत, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. रस्त्यावर तो पाळलेला मला अजून अपवादानेच दिसतो.

‘एअरबॅग आहे ना!’

एका सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातल्या तीस-चाळीस भागांत एअरबॅग फुगते आणि फुगल्या फुगल्या हवा सोडू लागते. डोकं तिच्यात रुतावं आणि थांबायला थोडं अंतर मिळावं, म्हणून. म्हणजे तीही सैल चादरच. पण ती पट्ट्याने धरून ठेवलेल्या माणसासाठी बेतलेली आहे. पट्टा नसला तर माणूस ती पुरती फुगण्याआधीच तिच्यावर पोचतो, आणि बाहेर उसळणारी पिशवी त्याच्या चेहऱ्याला भिंतीसारखी भेटते.

‘जुन्या गाड्या कशा लोखंडी होत्या, आताच्या पत्र्याचे डबे’

हा आक्षेप मी स्वतःच्या वडिलांकडून ऐकला आहे आणि त्यामागची भावना समजते. आदळल्यावर जुन्या गाडीचं बंपर वाकायचं, नव्या गाडीचं तोंड पार चुरगळतं. पण चुरगळणं हेच तिचं काम आहे. पुढचा भाग मुद्दाम चेपेल असा आणि माणसं बसतात तो पिंजरा मुद्दाम न चेपणारा, अशी रचना केलेली असते. न चेपणारी गाडी भिंतीवर एकदम थांबते, म्हणजे आतल्या माणसालाही एकदम थांबवते. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचणीत गाडी ताशी ६४ च्या वेगाने अडथळ्यावर आदळवतात. तिच्या चित्रफिती मिळतात त्या बघा. बॉनेटचं काय झालं इकडे दुर्लक्ष करून माणसाच्या जागी आत बसवलेल्या पुतळ्याच्या छातीसमोरची जागा शाबूत राहिली का, ते पाहा.

‘मोठी, जड गाडी घेतली की झालं’

यात निम्मं खरं आहे. दोन गाड्या एकमेकींवर आदळतात तेव्हा दोघींवर सारखंच बल येतं, हा न्यूटनचा तिसरा नियम. पण बल सारखं असताना कमी वस्तुमानाच्या गाडीचं त्वरण जास्त. एक टनाची गाडी आणि वीस टनांचा भरलेला ट्रक, दोघंही ताशी ५० ने समोरासमोर आले आणि एकमेकांत अडकले, तर ट्रकचा वेग जेमतेम ५ किलोमीटरने घटतो. गाडीचा वेग ९५ ने बदलतो: ताशी ५० ने पुढे जाणारी गाडी क्षणात ताशी ४५ ने मागे ढकलली जाते. ट्रकवाल्याला हिसका बसतो, गाडीतल्यांचं काय होतं ते आपण वर्तमानपत्रात वाचतो.

मात्र समोर पुलाचा कठडा, झाड किंवा डोंगर असला की जडपणाचा फायदा संपला. वस्तुमान दुप्पट, तर थांबवायला बलही दुप्पट. आतल्या माणसाचं त्वरण ठरतं ते फक्त वेगावर आणि थांबायला मिळणाऱ्या अंतरावर. चारोटीला समोर कठडाच होता.

क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या ट्रकचंही हेच. त्याचे ब्रेक ठरावीक बलच देऊ शकतात आणि घाटात तापले की तेही देत नाहीत. वस्तुमान वाढवलं, बल तेवढंच, मग त्वरण कमी आणि थांबायचं अंतर जास्त. भरल्या ट्रकच्या पुढ्यात झटकन गाडी घालणाऱ्याने त्याच्याकडून ब्रेकची अपेक्षा धरू नये. तो मारत असतो, ट्रक थांबत नसतो.

वेग दुप्पट, अंतर चौपट

कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या ब्रेकने गाडीचा वेग दर सेकंदाला साडेसात मीटर प्रतिसेकंद इतका घटतो असं धरलं, तर ताशी ६० वरून थांबायला साडेअठरा मीटर लागतात. ताशी १२० वरून ३७ नव्हे, ७४ मीटर. वेग दुप्पट झाला की थांबायला वेळ दुप्पट लागतो आणि त्या वेळात गाडी पळतही दुप्पट वेगाने असते, म्हणून अंतर चौपट. शिवाय धोका दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद गेला तर १२० ला आणखी ३३ मीटर. पावसात टायरची पकड घटली की हे सगळे आकडे आणखी वाढतात.

शरीर किती सोसू शकतं?

अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप यांनी हा प्रश्न स्वतःच्या अंगावर तपासला. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतल्या होलोमन तळावर ते रुळांवरच्या रॉकेटगाडीत स्वतःला पट्ट्यांनी बांधून बसले. गाडीने ताशी १,०१७ किलोमीटरचा वेग गाठला आणि १.४ सेकंदांत ती थांबली. त्यांनी गुरुत्वाच्या ४६ पटींपर्यंत त्वरण सोसलं. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ दिसेना. पण ते बरे झाले आणि पुढे मोटारींत पट्टे यावेत म्हणून झटत राहिले. १९९९ साली ८९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. स्टॅप यांच्या त्या प्रयोगानंतर पाच वर्षांनी, १९५९ मध्ये, व्होल्वो या स्वीडिश मोटार कंपनीतले अभियंते निल्स बोलीन यांचा खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा पट्टा गाड्यांत आला. कंपनीने त्याचं पेटंट इतरांना खुलं ठेवलं. आज आपण ओढून लावतो तो हाच पट्टा.

हेल्मेटचं गणितही याच सूत्राने सुटतं. दुचाकीवरून डोकं दीड मीटरवरून रस्त्यावर आलं आणि आतल्या थर्माकोलसारख्या थराने चेपून त्याला दोन सेंटीमीटर दिले, तर १५० भागिले २, म्हणजे ७५ पट. हेल्मेट नसेल आणि कवटीला दोनच मिलिमीटर मिळाले, तर ७५० पट. जीव वाचवतो तो आतला चेपणारा थर. बाहेरचं कवच आघात पसरवतं आणि टोकदार वस्तू आत घुसू देत नाही. म्हणून रस्त्याकडेला मिळणाऱ्या नुसत्या प्लॅस्टिकच्या टोपीला अर्थ नाही, आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदलायला हवं. आतला थर एकदाच चेपतो.

पट्टा लावायचा तो कसा

मागच्या प्रवाशांनी पट्टा लावणं केंद्रीय मोटार वाहन नियमांत आधीपासून सक्तीचं आहे. पट्टा नसला तर दंड १,००० रुपये. चारोटीच्या अपघातानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना तो बंधनकारक असल्याचं जाहीर केलं. दुसरीकडे, पट्टा न लावता बीपचा आवाज बंद करणाऱ्या क्लिपा लोक विकत घेत होते. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या काढून टाकायला लावल्या.

खालचा पट्टा पोटावर येऊ द्यायचा नाही, कमरेच्या हाडांवर, मांडीच्या सुरुवातीला घट्ट बसवायचा. पोट मऊ आहे, तिथे बल आलं तर आतडी फाटतात. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून घ्यायचा, वरचा पट्टा छातीच्या मधून. काखेखालून घेतला तर बरगड्या मोडतात. पट्ट्याने खरचटतं, कधी हाड मोडतं, हेही खरं आहे. वेग शून्यावर आणणारं बल कुठून तरी यायलाच हवं. ते पट्ट्याकडून छातीच्या हाडावर घ्यायचं की काचेकडून कपाळावर, एवढीच निवड असते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जी कुठल्याच सूत्रात बसत नाही. नवी गाडी आली की आपण आधी सीटकव्हर घालतो आणि मागच्या पट्ट्यांची बकलं त्याखाली गाडली जातात. मग ‘लावू की, पण सापडत नाही’ म्हणून विषय संपतो. आमच्या गाडीत तसंच होतं. कव्हरला कात्रीने चिरा पाडून बकलं वर काढायला दहा मिनिटं लागली. मधल्या सीटचं सापडायला जरा जास्त वेळ गेला, ते फटीत खोल गेलं होतं.